पुडिंग-दौडीचा मधला थांबा

१२ जानेवारी, रविवार

टकरची खानावळ बंद झाली. म्हाताऱ्या टकरने दाराला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन तो फ्लोरिडाला राहायला गेला. आंद्रेने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. कॉलेजातला माझा मित्र आंद्रे गेदर हसायला लागला की समजायचं, तो घाबरलाय.

जियानाने विचारलं, एक खानावळ बंद झाली तर तुझा चेहरा असा का. जियाना माझ्याच खोलीत राहते. पहिल्या वर्षाला आहे, न्यू जर्सीची आहे, तिला सगळं सांगावं लागतं. म्हटलं, मार्चच्या पहिल्या शनिवारी आमची पुडिंग-दौड असते. कॉलेजच्या फाटकापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं, तिथे टकरकडे मोठा वाडगाभर केळ्याचं पुडिंग खायचं आणि ते पोटात घेऊन परत फाटकापर्यंत धावायचं. ती म्हणाली, कशासाठी. म्हटलं, वॉर्लिक हाउससाठी. ती म्हणाली, ते नाही विचारलं, पुडिंग कशासाठी.

याला उत्तर नाही. पुडिंग नसेल तर ती नुसती दौड. नुसत्या दौडीला आमच्याकडे कोण येतंय?

वॉर्लिक हाउसबद्दल मात्र मला उत्तर आहे. इस्पितळाच्या शेजारचं ते घर. मूल दाखल असलं की आईबाप तिथे फुकट राहतात. माझ्या धाकट्या भावाचा, वेडचा, ताप मेंदूत गेला होता तेव्हा आई आणि मी तिथे हिवाळाभर राहिलो. मी नऊ वर्षांची होते. तिथल्या स्वयंपाकघरात कुणी ना कुणी सूप ठेवलेलं असायचं आणि घर उबदार असायचं, एवढंच मला आठवतं. वेड आता तेरा वर्षांचा आहे आणि ट्रम्पेट वाजवतो. निदान त्याचं तसं म्हणणं आहे. त्या घराची हिवाळ्यातली ऊब आमच्या दौडीच्या पैशांवर चालते, आणि यंदा दौडीची प्रमुख मी आहे. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला निवडलं असतं तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी

डीन बारिंजरांनी बोलावलं. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर मुलं लोकांच्या फुलझाडांत ओकली, त्याच्या तक्रारी अजून येताहेत म्हणाल्या. मधल्या थांब्याची जबाबदारी गावातल्या कुणा जाणत्या माणसांनी घेतली पाहिजे. पंधरा फेब्रुवारीपर्यंत तसं कुणी मिळालं नाही, तर तो शनिवार माजी विद्यार्थ्यांच्या गोल्फला जाईल.

"फक्त यंदापुरता ना?" मी विचारलं.

"टेस, गोल्फवाले एकदा आले की परत जात नाहीत," त्या म्हणाल्या.

१६ जानेवारी

आंद्रेने दुकानातलं डब्यातलं पुडिंग आणलं. वाडगाभर खाऊन तो मैदानाला फेऱ्या मारायला गेला. तिसऱ्या फेरीत परत आला आणि गवतावर आडवा झाला. म्हणाला, माझ्या आजीला कळलं की मी हे पुडिंग म्हणून खाल्लं, तर ती मला घरात घेणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

सुटले. टकरच्या खानावळीसमोर, रस्त्यापलीकडे, लुथरन चर्च आहे. त्यांचं जेवणघर एवढं मोठं की अर्धं गाव बसेल. मी आम्हा मेथडिस्टांची प्रार्थना बुडवून तिकडे गेले आणि पास्टर लुंडना गाठलं. तरुण आहेत, मिनेसोटाहून शरद ऋतूत आलेत. वॉर्लिक हाउसचं नाव काढताच म्हणाले, आनंदाने. पुडिंगचं विचारलं तर म्हणाले, आमचं महिला मंडळ करेल की, अध्यक्ष मिस व्हर्लीन सेट्झर आहेत, मीच सांगतो त्यांना.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

जियानाला सांगितलं. तिने विचारलं, मिस व्हर्लीनचं लग्न नाही झालं? म्हटलं, झालं होतं, नवरा वारला. मग मिस कशा? मी म्हटलं, आपल्याकडे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला मानाने मिसच म्हणतात. ती म्हणाली, "तुमच्याकडे."

२६ जानेवारी, रविवार

पास्टर लुंडनी आज व्यासपीठावरून जाहीर केलं की महिला मंडळ पुडिंग-दौडीसाठी केळ्याचं पुडिंग करणार आहे. मिस व्हर्लीनना आधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते बाकी सगळ्यांबरोबर, तिसऱ्या बाकावर बसून कळलं.

मला हे संध्याकाळी मंडळातल्या एका बाईंच्या फोनवरून कळलं. बाई अतिशय गोड बोलल्या. त्या जितकं गोड बोलत गेल्या तितका मी फोन कानापासून लांब धरत गेले. शेवटी म्हणाल्या, "पास्टरांकडे चर्चची किल्ली आहे, बाळ. स्वयंपाकघराची नाही."

मी इथलीच आहे. मला हे कळायला हवं होतं. जियानाने केलं असतं तर कुणी हसून सोडून दिलं असतं. आंद्रे म्हणाला, "माझ्या आजीच्या चर्चमध्ये तू हे केलं असतंस, तर पुढच्या रविवारी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं असतं. दिवंगतांच्या यादीत."

२८ जानेवारी

आईला फोन केला. ती म्हणाली, स्वतः जा, दुपारी जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तिने गेल्या खेपेला दिलेली सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन गेले.

मिस व्हर्लीन उंच आहेत, केस पांढरेशुभ्र, ताठ बसतात. बरणी घेतली, उजेडात धरून पाहिली आणि "लवंग घातलीय तुझ्या आईने" एवढं म्हणून मला आत घेतलं. मी माफी मागितली. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली. लोक मध्येच "असू दे" म्हणतात तसं त्या म्हणाल्या नाहीत.

मग वॉर्लिक हाउसचं सांगितलं. आईचं, वेडचं, सुपाचं. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या कोटाकडे. मधलं बटण गेलेलं. उठून त्यांनी कपाटावरून काचेचं एक मोठं चौकोनी भांडं काढलं. त्यात बटणंच बटणं. भांडं उचलून त्या शोधत होत्या तेव्हा तळाची चिकटपट्टी दिसली. वर पेनने लिहिलेलं, ओ. एम. एच. दुकानदाराचं काहीतरी असावं.

"क्लाइडच्या कोटाचं आहे," बटण लावता लावता म्हणाल्या. "तुला चालेल."

क्लाइड म्हणजे त्यांचे यजमान. सहा वर्षं झाली जाऊन.

दोरा तोडल्यावर म्हणाल्या, स्वयंपाकघर मी उघडून देईन. मंडळ टेबलं लावेल, भांडी घासेल. पुडिंग मी करणार नाही.

मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, "मी आता करत नाही." आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर, मी पायरी उतरल्यावर: "ओला मे हेफ्नरला विचार. ती करते."

३० जानेवारी

मिस ओला मे त्याच रस्त्यावर दुसऱ्या टोकाला राहतात. बुटक्या, गोल, सतत काहीतरी पुसत असतात. मी सगळं सांगितलं. त्यांना पुडिंगपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस.

"व्हर्लीनने सांगितलं मला विचारायला? तिने स्वतः?"

"होय मॅम."

"काय शब्द होते तिचे?"

मी म्हटलं, "ओला मे हेफ्नरला विचार, ती करते." त्यांनी ओटा दोनदा पुसला. ओटा स्वच्छच होता.

"आडनावासकट म्हणाली," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, करीन. पण वरून काय घालू, क्रीम की अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला फेस, ते तिला विचारून ये. मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते घाला, आम्हाला दोन्ही चालेल. तर म्हणाल्या, तिला विचारून ये.

३१ जानेवारी

विचारून आले. मिस व्हर्लीन म्हणाल्या, "तिला ठाऊक आहे."

परत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. मिस ओला मे म्हणाल्या, "ठाऊक आहे म्हणूनच विचारलं."

दोघींकडे फोन आहेत. एका चर्चमध्ये दर रविवारी बसतात, एक तिसऱ्या बाकावर, दुसरी अकराव्या. आंद्रे म्हणतो, दौडीआधी निदान तुझा सराव तरी होतोय.

६ फेब्रुवारी

आज उलगडा झाला. भांडण पाककृतीचं आहे.

मिस ओला मेंकडे गेले होते, किती केळी लागतील ते विचारायला. त्यांनी आपणहून सांगितलं. चर्चमध्ये ज्याचा त्याचा पदार्थ ठरलेला असतो, हे तर आमच्याकडेही आहे. मिस व्हर्लीनचं केळ्याचं पुडिंग वरून भाजलेल्या फेसाचं. मिस ओला मेंचं गार, क्रीमचं, पण मिस व्हर्लीन आणणार असल्या की त्या ते कधीच आणायच्या नाहीत, शेंगा आणायच्या. क्लाइडच्या अंत्यविधीच्या जेवणाला मात्र त्यांनी पुडिंग केलं.

"माझं नाही. तिचं," त्या म्हणाल्या. "फेसाचं. त्याला तेच आवडायचं. मला वाटलं, आज तिच्याच्याने व्हायचं नाही, पण त्याच्या टेबलावर ते असायला हवं."

"मग त्या रागावल्या?"

"लोक तिला येऊन सांगत होते, व्हर्लीन, आजच्या दिवशीसुद्धा तू पुडिंग केलंस. तिने एकालाही सांगितलं नाही की तिने नाही केलं. माझ्याशी मात्र त्या दिवसापासून बोलली नाही."

म्हणजे आपली पाककृती चोरली म्हणून सहा वर्षं अबोला. माझ्या मावशीचं आणि शेजारणीचं लोणच्यावरून असंच झालं होतं. मी म्हटलं, मिस ओला मे, तुम्ही क्रीमचंच करा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आंद्रेने डब्यातल्या पुडिंगकडे पाहिलं होतं.

१३ फेब्रुवारी

डीनबाईंना चर्चमध्ये घेऊन गेले. मिस व्हर्लीननी त्यांना कॉफी दिली आणि आपल्या अटी सांगितल्या. प्रत्येकजण खुर्चीवर बसून खाईल. उभ्याने गुरं खातात. मांडीवर रुमाल घेतील. आणि प्रार्थनेआधी कुणी चमचा उचलणार नाही.

डीनबाई खूश. जाताना म्हणाल्या, गोल्फवाल्यांना मी आजच नाही म्हणून कळवते.

म्हणजे दौड होणार. मला आनंदाने उड्या मारायला हव्यात, पण मी अटींचा विचार करतेय. धावत आलेला पहिला मुलगा शेवटच्याची वाट बघत हात जोडून बसणार असेल, तर ती दौड कसली?

१५ फेब्रुवारी

प्रार्थनेचा तोडगा आंद्रेने काढला. पास्टर लुंड फाटकापाशी, शिटीच्या आधी, सगळ्यांची एकत्र प्रार्थना घेतील. घास दोन मैल पुढे असेल, एवढंच. मला वाटलं, मिस व्हर्लीन आम्हाला हाकलतील. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "दोन मैल म्हणजे देवाला काही लांब नाही." मग आंद्रेला विचारलं, तुझी आजी कोण? त्याने नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, तरीच.

२० फेब्रुवारी

नावनोंदणी गेल्या वर्षापेक्षा जास्त. जियानानेही नाव दिलं. म्हणाली, तुझ्यासाठी. मी म्हटलं, धावली आहेस का कधी? "बसमागे."

मिस व्हर्लीनकडे टेबलांचं ठरवायला गेले होते. बोलता बोलता मी म्हटलं, मिस ओला मेंनी त्या दिवशी पाककृती घ्यायला नको होती, पण त्यांचा हेतू वाईट नव्हता. मधे पडायला नको होतं, पण मला वाटलं, कुणीतरी बोलायला हवं.

त्या टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत होत्या. म्हणाल्या, "पाककृतीचं काय, ती बिस्किटांच्या डब्याच्या मागे छापलेली असते."

मग कापडाची घडी घातली आणि परत उलगडली. मला वाटलं, आता निघावं. तेव्हा म्हणाल्या, "मी त्या सकाळी अंडी बाहेर काढून ठेवली होती. गार अंड्यांचा फेस चढत नाही. माझ्या हाताने त्याच्यासाठी करायचं एवढंच एक उरलं होतं. तेवढ्यात चर्चमधून फोन आला, पुडिंग आलंय म्हणून. मी अंडी परत आत ठेवली."

मी "होय मॅम" म्हटलं.

येताना मिस ओला मेंकडे हिरव्या केळ्यांची पेटी टाकायची होती. त्यांनी विचारलं, व्हर्लीन कशी आहे, काय म्हणाली. मी सांगितलं, टेबलं ठरली, पांढरी कापडं घालायची म्हणाल्या, आणि जुनं काहीतरी सांगत होत्या, त्या दिवशी त्यांनी अंडी काढून ठेवली होती म्हणे.

मिस ओला मेंच्या हातात फडकं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"अंडी काढली होती? असं म्हणाली?"

"होय मॅम. मग परत आत ठेवली."

त्या खुर्चीवर बसल्या. मी इतक्या वेळा त्या घरी गेले, त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तब्येत बरी नसावी. वय झालंय, आणि एवढ्या पुडिंगचं काम त्यांच्या गळ्यात टाकलंय मी. मदतीला कुणाला पाठवू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको पोरी. मला कळलं आता काय करायचं ते."

२८ फेब्रुवारी

उद्या. पाऊस नाही म्हणताहेत. आई आणि वेड सकाळी येतील. वेड ट्रम्पेट आणणार आहे. त्याला थांबवता आलं नाही.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. मिस ओला मेंना सकाळपासून तीनदा फोन केला. दर वेळी "होतंय" म्हणाल्या. झालं असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

१ मार्च, शनिवार

हात दुखतोय, तरी लिहून ठेवते.

सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात गेले तर मंडळाच्या सगळ्या बायका हजर. टेबलं पांढरीशुभ्र. मिस ओला मेंचा भाचा ट्रकमधून ट्रे उतरवत होता. मी पहिल्या ट्रेवरचं झाकण काढलं. पुडिंग होतं, बिस्किटं होती, केळी होती. वर काही नाही. क्रीम नाही, फेस नाही. दुसरा ट्रे तसाच. सगळे तसेच, बोडके. आणि मागून मिस ओला मे अंड्यांच्या पेट्या घेऊन आल्या.

रात्रभराचा वेळ होता त्यांना. आपल्याच्याने होणार नाही असं कालच सांगितलं असतं, तर मी आंद्रेला पाठवलं असतं.

मिस ओला मेंनी अंडी ओट्यावर ठेवली, मिस व्हर्लीनच्या समोर. धापा टाकत होत्या. "पहाटेच बाहेर काढलीत," म्हणाल्या. "गार नाहीत."

मिस व्हर्लीननी एक अंडं उचलून तळहातावर धरलं. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय. मी बोलायला तोंड उघडलं, तर मंडळातल्या फोनवाल्या बाईंनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं.

"एवढी?" मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"दीडशे पोरं आहेत."

"माझा ॲप्रन घरी आहे."

मिस ओला मेंनी आपला सोडून त्यांच्या हातात दिला. तो मिस व्हर्लीनना फारच आखूड झाला. त्यांनी बांगडी काढली, बाह्या सरसावल्या आणि पहिलं अंडं फोडलं. त्यांनी फोडायची, मिस ओला मेंनी पिवळं वेगळं करायचं. दोघींचे हात असे चालत होते, जणू रोजच करतात. बाकीच्या बायका एकदम गडबडीने भांडी, साखर, चमचे शोधायला लागल्या. दोघीतिघी उगाच बाहेर जाऊन आल्या. कांद्याचा तर कुठे वासही नव्हता, पण सगळ्यांचे डोळे लाल.

नशीब म्हणायचं, मिस व्हर्लीनना ते करता येतं. नाहीतर आज आमचं काही खरं नव्हतं.

मी पळत फाटकापाशी गेले. पास्टर लुंडनी प्रार्थना घेतली, वेडने ट्रम्पेट वाजवला, त्यालाच शिटी समजून मुलं सुटली. आंद्रे केळ्याच्या पोशाखात होता. मी सायकलवरून मधल्या वाटेने परत चर्चमध्ये.

थॅड रेनी पहिला आला. तो कॉलेजच्या धावपटूंतला सगळ्यात वेगवान, गेली दोन वर्षं तोच जिंकलाय. खुर्चीवर बसला, रुमाल घेतला, वाडगा समोर आला. वर फेस असा सोनेरी, कडेला किंचित तांबूस. टकरच्या उभ्या जन्मात असं पुडिंग कधी नव्हतं. थॅडने वाडगा संपवला आणि उठणार, तोच मिस व्हर्लीन शेजारी येऊन बसल्या. ॲप्रनवर पीठ, नाकाला फेस.

"तू लॉयल रेनीचा नातू ना?"

"होय मॅम," म्हणून थॅड परत बसला.

मग त्याच्या आजोबांची गुरं, त्याच्या आत्याचं लग्न, त्यांच्याकडच्या विहिरीचं पाणी. एकेक मुलगा येत होता, खात होता आणि त्याच टेबलाशी अडकत होता, कारण मिस व्हर्लीन आता सगळ्यांशीच बोलत होत्या. मला त्यांचं एवढं बोलणं माहीतच नव्हतं. ज्यांची आडनावं त्यांना ओळखीची नव्हती, त्यांच्यासाठी पलीकडून मिस ओला मे सांगत होत्या, "अगं व्हर्लीन, हा पुलाजवळच्या योंटांचा." म्हातारी बाई बोलत असताना टेबलावरून उठायचं कसं? राज्यातली सगळ्यात जलद पोरं मांडीवर रुमाल घेऊन "होय मॅम, नाही मॅम" करत बसलेली. आंद्रेला तर पोशाखामुळे खुर्चीत बसताच येत नव्हतं. तो वाकून उभा होता आणि त्यालाही कुणी ओरडलं नाही.

तेवढ्यात जियाना आली, लालबुंद होऊन. बसली, खाल्लं, तोंड पुसलं, म्हणाली, "थँक यू, फारच छान होतं," आणि उठून चालू पडली. मिस व्हर्लीनचं वाक्य अर्धंच राहिलं. सगळं टेबल तिच्या पाठीकडे बघत राहिलं.

"कुठली गं ती?" मिस व्हर्लीननी विचारलं.

"न्यू जर्सी, मॅम."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि तिला माफ केलं.

अशा रीतीने यंदाची पुडिंग-दौड जियाना पेट्रोसिनोने जिंकली. अजून तिला कळलेलं नाही की बाकीचे का थांबले होते. ती म्हणते, तुम्ही लोक फार सावकाश खाता.

बसून, गप्पा मारत खाल्ल्यामुळे असेल, परतीच्या वाटेवर कुणीही ओकलं नाही. डीनबाई स्वतः फुलझाडं बघत चालत गेल्या. पुढच्या वर्षीचा शनिवार आत्ताच आमच्या नावावर लावलाय. वॉर्लिक हाउसच्या बाई आईला ओळखून गळ्यात पडल्या. वेडने त्यांना ट्रम्पेट ऐकवला. त्या म्हणाल्या, त्या हिवाळ्यात तुझा आवाजच फुटत नव्हता, आता वाजव हवा तेवढा.

तो म्हणाला, "ऐकलंस ना ताई?"

४ मार्च

मिस ओला मेंचे ट्रे परत द्यायचे राहिले होते. घासून पुसून नेले. रिकामे कसे द्यायचे, म्हणून आईने ठेवून गेलेली मुरंब्याची दुसरी बरणी वरच्या ट्रेमध्ये ठेवली.

त्यांच्या टेबलावर काचेचं मोठं चौकोनी भांडं होतं. कोपऱ्यात थोडं पुडिंग उरलेलं, फेसाचं. मी म्हटलं, शनिवारचं अजून आहे?

"हे शनिवारचं नाही. रविवारी चर्चनंतर व्हर्लीन घेऊन आली."

"बसल्या का?"

"दिवे लावायची वेळ झाली तरी बसली होती."

त्यांनी मला उरलेलं वाढलं. मी विचारलं, कसं झालंय, तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, "फेस जरा जास्त भाजलाय. तिला सांगू नकोस." मग भांडं धुवायला घेतलं आणि पाण्याखाली नुसतंच धरून उभ्या राहिल्या. तळाशी चिकटपट्टी होती, ओ. एम. एच. हे भांडं मी पाहिलं होतं.

ओला मे हेफ्नर, म्हणजे ते त्यांचंच. त्या अंत्यविधीच्या जेवणापासून मिस व्हर्लीनकडे राहिलं असणार. एकाच रस्त्यावर राहून दुसऱ्याचं भांडं सहा वर्षं परत द्यायला विसरायचं, म्हणजे कमाल आहे. आमच्या आईने तिसऱ्या दिवशी फोन केला असता.

पुढच्या वर्षी दोघी मिळून करणार आहेत. आत्तापासून वाद चाललाय, दोन मैलांवरची प्रार्थना पोचते की नाही यावरून.

परत येताना वारा होता, कोटाची बटणं लावून घेतली. मधलं क्लाइडच्या कोटाचं. बाकीची एवढी सगळी मिस व्हर्लीन आता कशात ठेवतात, कुणास ठाऊक.